जुन्या चौकटीवर नवा रंग

जुन्या पेढीच्या भिंतीवरील तसबिरी म्हणजे त्या घराण्याची न लिहिलेली खतावणीच असते. गादीच्या मागे मूळ पुरुषाचे छायाचित्र, शेजारी फेटा बांधलेले त्यांचे बंधू, एका बाजूस सम्मेदशिखराचे किंवा शत्रुंजयाचे चित्र आणि दाराच्या वर लक्ष्मीची रंगीत तसबीर, अशी मांडणी कोल्हापूर जिल्ह्यातील जुन्या दुकानांत आजही दृष्टीस पडते. चित्राकडे सर्वांचे लक्ष जाते. त्या चित्राला धरून ठेवणाऱ्या लाकडी चौकटीकडे मात्र, ती खिळखिळी होऊन काच निसटू लागेपर्यंत, सहसा कोणी पाहत नाही.

अलीकडे ही चौकट एकाएकी चर्चेत आली आहे. घराचे नूतनीकरण निघाले की माळ्यावरील जुन्या फ्रेमा खाली येतात आणि घरातील तरुण पिढी म्हणते, ‘यांना विंटेज लूक देऊ या.’ फिकट रंग लावावयाचा, कडा घासून आतले लाकूड दाखवावयाचे, रंगाला बारीक भेगा पाडावयाच्या आणि चौकट शंभर वर्षांची दिसेल असे करावयाचे, असा हा प्रकार. ज्येष्ठांना प्रश्न पडतो की जी वस्तू मुळातच जुनी आहे ती जुनी दिसावी म्हणून रंगवावयाची कशासाठी? दोन्ही बाजूंचे म्हणणे ऐकून घेण्यासारखे आहे. कारण या लहानशा कामात घराण्याच्या आठवणी, आरोग्य, जीवदया आणि व्यापारातील पत असे चार विषय येऊन मिळतात.

चौकटी घरात आल्या कशा

शाहूवाडी तालुक्यातील मलकापूर हे कोल्हापूर–रत्नागिरी मार्गावरील जुने पेठेचे गाव. १८४४ च्या गडकऱ्यांच्या उठावानंतर इंग्रजांनी विशाळगड मोडला आणि पंतप्रतिनिधींच्या जहागिरीचा कारभार मलकापुरास आला. आंबा घाटाने कोकणाशी आणि पन्हाळ्याच्या बाजूने कोल्हापूरशी जोडलेल्या अशा गावात व्यापारी कुटुंबे स्थिरावली, माडीची घरे झाली आणि घराबरोबर भिंतीवर तसबिरीही आल्या.

त्या काळात चित्र विकत घेऊन भिंतीस लावणे ही नवी गोष्ट होती. पुण्यात १८७८ मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी सहकाऱ्यांसह चित्रशाळा काढली आणि देवदेवतांची व ऐतिहासिक पुरुषांची शिळाछापाची चित्रे सामान्य माणसाच्या आवाक्यात आली. पुढे १८९४ मध्ये राजा रविवर्मा यांनी मुंबईत छापखाना सुरू केला. तो काही वर्षांनी लोणावळ्याजवळच्या मळवलीस गेला आणि नंतर तेथील जर्मन तंत्रज्ञ फ्रिट्झ श्लायशर यांच्या मालकीचा झाला. त्या छापखान्यातील लक्ष्मी-सरस्वतीची रंगीत चित्रे गावोगाव पोहोचली. कागदाचे चित्र आले म्हणजे त्यास काच आणि चौकट लागणारच. फ्रेमवाल्याचा धंदा अशा रीतीने उभा राहिला.

कोल्हापुरात या सर्वास आणखी एक जोड मिळाली. आबालाल रहिमान यांच्यासारखा चित्रकार या शहरात १९३१ पर्यंत काम करीत होता. बाबूराव पेंटर यांचे मूळ आडनाव मेस्त्री. कारागिरांच्या घरातून आलेला हा माणूस व्यक्तिचित्रे व नाटकांचे पडदे रंगविता रंगविता चित्रपटापर्यंत पोहोचला. अशा शहराच्या परिसरात चांगले चित्र, चांगली चौकट आणि चांगले लाकूड यांची पारख लोकांना असणे स्वाभाविक होते. जुन्या फ्रेमा बहुधा सागवानी आढळतात. काही फणसाच्या असतात. फणसाचे लाकूड ताजे असताना पिवळे असते व वर्षांबरोबर तांबूस तपकिरी होत जाते. कोपऱ्यातील सांधा पंचेचाळीस अंशांत कापलेला, आत सरस आणि बाहेरून चुका मारलेल्या, मागे पातळ फळी किंवा पुठ्ठा आणि त्यावर चिकटविलेला कागद, ही त्यांची नेहमीची घडण होय.

झिजलेल्या रूपाची आवड

झिजलेल्या रंगाची ही आवड आपल्याकडची नव्हे. इंग्लंड-अमेरिकेत जुन्या ग्रामीण घरांतील रंगविलेले फर्निचर हातोहात वापरून फिकट झाले, कडांचा रंग उडाला, आणि तेच रूप पुढे लोकांना आवडू लागले. १९८९ मध्ये कॅलिफोर्नियात रेचल ॲशवेल यांनी ‘शॅबी चिक’ या नावाचे दुकानच काढले. १९९० मध्ये इंग्लंडमधील ॲनी स्लोन यांनी खडूसारखा मऊ व चमकविरहित दिसणारा ‘चॉक पेंट’ बाजारात आणला. तो फारसे न घासता लाकडावर धरतो आणि सहज झिजवता येतो, म्हणून घरोघरी हौशी मंडळी हे काम करू लागली. तीच लाट मोबाइलच्या पडद्यावरून आपल्या घरांत आली आहे.

आवड परकी असली म्हणून ती वाईट ठरत नाही. अडगळीत टाकावयाची फ्रेम पुन्हा वापरात येत असेल, नवे लाकूड आणि नवे प्लॅस्टिक यांची खरेदी टळत असेल, तर तो काटकसरीचाच मार्ग आहे. परिग्रह मर्यादित ठेवू पाहणाऱ्या घरास हे पटण्यासारखे आहे. फक्त कोणती चौकट रंगवावी आणि कोणती रंगवू नये, हा विवेक आधी करावा लागतो.

कुंचला उचलण्यापूर्वी

प्रथम चौकटीचे पुढून व मागून छायाचित्र घ्यावे. मागच्या कागदावर पुष्कळदा फ्रेमवाल्याची चिठ्ठी, गावाचे नाव, तारीख किंवा पेन्सिलीने लिहिलेले नाव असते. तीन पिढ्यांनंतर छायाचित्रातील व्यक्ती कोण, हे सांगणारा तेवढाच पुरावा उरलेला असतो. तो कागद फाडून फेकला की फेटा बांधलेले गृहस्थ कायमचे अनोळखी होतात. म्हणून घरातील वडीलधाऱ्या व्यक्तीस जवळ बसवून प्रत्येक तसबिरीतील नावे, नाती आणि अंदाजे साल एका वहीत उतरवून घ्यावे. रंगकामापेक्षा हे काम महत्त्वाचे आहे, आणि ते पुढे ढकलण्यासारखे नाही.

दुसरी गोष्ट छायाचित्राची. ते जपून बाहेर काढावे. परंतु दमट हवेने ते काचेस चिकटलेले असेल तर ओढू नये. ओढल्यास चेहऱ्याचा थर काचेवर राहतो व कागद हातात येतो. अशा वेळी काचेसकट छायाचित्र बाजूला ठेवावे, समोरून त्याची चांगली प्रतिमा घ्यावी आणि मूळ वस्तू तशीच जपावी. मागचा जुना पुठ्ठा आम्लयुक्त असतो व छायाचित्रास पिवळे डाग पाडतो; त्याऐवजी आम्लविरहित माउंट बोर्ड घालावा. जुन्या काचेत हलक्या लहरी दिसत असतील तर ती जुन्या पद्धतीची काच आहे असे समजून ती सांभाळावी.

तिसरी तपासणी चौकटीची. सोनेरी दिसणाऱ्या चौकटीवर खरा वर्ख असू शकतो. मागच्या कोपऱ्यात ओलसर कापसाचा बोळा हलकेच टेकवून पाहावा. रंग किंवा सोनेरी थर बोळ्यास लागला तर पाणी अजिबात लावू नये आणि ती चौकट रंगवू नये. पितळी भुकटीचा सोनेरी रंग काळाबरोबर हिरवट-काळा पडतो. वर्ख तसा पडत नाही. कोरीव काम असलेली, मूळ पॉलिश टिकून असलेली किंवा घराण्याच्या मूळ पुरुषाच्या छायाचित्राबरोबर आलेली चौकटही रंगवू नये. तिला कोरड्या मऊ कुंचल्याने झाडावे आणि सैल सांधा दुरुस्त करून घ्यावा, एवढेच पुरे. तिच्यावरील झीज खरी आहे आणि त्यावर रंग चढविला की ती परत मिळत नाही. रंगविण्यास योग्य चौकटी म्हणजे आधीच कोणीतरी तैलरंग फासलेल्या, पॉलिश उडालेल्या, जोडकाम केलेल्या किंवा साध्या पाइनच्या नव्या.

चौथी बाब आरोग्याची आहे. आपल्या देशात घरगुती व शोभेच्या रंगांतील शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांवर मर्यादित करणारे नियम २०१६ मध्ये निघाले व १ नोव्हेंबर २०१७ पासून अमलात आले. त्यापूर्वीच्या रंगात शिसे असण्याची शक्यता धरूनच चालावे. असा रंग कोरडा घासला की विषारी धूळ घरभर पसरते आणि लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीस तिचा अपाय होतो. म्हणून जुना तैलरंग नेहमी पाणी लावून घासावा, चांगला मास्क वापरावा, काम अंगणात करावे, खाली कागद अंथरून तो गुंडाळून टाकावा आणि मुले व गर्भवती स्त्रिया यांना दूर ठेवावे. रंग फार जाड किंवा पोपडे सुटलेला असेल तर ती चौकट घरात घासूच नये.

रंगाची कृती

तपासणी पार पडल्यावर प्रत्यक्ष काम सोपे आहे. उदबत्तीची काजळी आणि तेलकट थर सौम्य साबणाच्या ओलसर फडक्याने पुसून चौकट सावलीत पूर्ण वाळवावी. भोके व फटी लांबीने भराव्यात. १८० क्रमांकाच्या पॉलिश पेपरने हात फिरवून धूळ पुसावी.

खडूसारखा रंग घरीही करता येतो. एक भाग प्लास्टर ऑफ पॅरिस एक भाग पाण्यात गुठळी न राहता कालवावे आणि तीन भाग मॅट इमल्शन रंगात मिसळावे. हे मिश्रण लवकर घट्ट होते, म्हणून लागेल तेवढेच करावे. प्लास्टरऐवजी रंगाच्या दुकानातील खडूची भुकटी घेतली तर मिश्रण अधिक वेळ टिकते.

प्रथम गडद थर द्यावा. तपकिरी, काळपट निळा किंवा कावेच्या जवळचा तांबडा रंग यासाठी चांगला. तो वाळल्यावर जेथे रंग उडालेला दाखवावयाचा तेथे साध्या मेणबत्तीचा तुकडा घासावा. नंतर मोतिया, राखाडी किंवा फिकट हिरवा असा वरचा थर पातळ द्यावा व वाळू द्यावा. आता २२० क्रमांकाच्या पॉलिश पेपरने त्या जागा हळुवार घासल्या की मेणावरचा रंग सुटतो आणि खालचा गडद थर डोकावतो.

येथेच बहुतेकांचे काम फसते, कारण ते सगळीकडे सारखेच घासतात. खरी झीज हात लागतो तेथे होते. चौकट भिंतीवरून काढताना दोन्ही बाजूंचा मधला भाग धरला जातो, ठेवताना खालचे कोपरे टेकतात, पुसताना बाहेरची उंच कड घासली जाते. खालच्या पट्टीच्या वरच्या अंगावर धूळ बसते आणि कोरीव भागाच्या खाचांत काळसरपणा साठतो. काचेलगतच्या आतल्या कडेस फारसा हात लागत नाही. ज्याने घरातील जुनी तसबीर पाच मिनिटे नीट न्याहाळली, त्याला कोठे घासावे हे सांगावे लागत नाही.

रंगास भेगा हव्या असतील तर दोन थरांच्या मध्ये पांढऱ्या फेव्हिकॉलचा भरघोस हात द्यावा आणि तो चिकट असतानाच वरचा इमल्शन रंग एकाच दिशेने, एकाच फटकाऱ्यात लावावा. वाळताना रंग आक्रसतो व भेगा पडतात. त्याच जागी कुंचला पुन्हा फिरविला की भेगा बुजतात. शेवटी तपकिरी रंग पाण्यात फार पातळ करून खाचांत लावावा, लगेच पुसावा आणि चमक नसलेल्या पाण्याच्या वार्निशचा एक थर द्यावा. जवसाचे तेल वापरले असल्यास त्याची फडकी गोळा करून टाकू नयेत. ती आपोआप तापून पेटू शकतात. म्हणून उघड्यावर पसरून वाळवावीत.

जी मंडळी नवी पट्टी घेऊन चौकट करवून घेतात त्यांनी मापाचा एक हिशेब लक्षात ठेवावा. फ्रेमवाला पट्टी धावत्या फुटावर विकतो. १२ इंच × १८ इंच चित्राचा परिघ ६० इंच, म्हणजे पाच फूट. परंतु चार कोपरे तिरपे कापताना पट्टीच्या रुंदीच्या आठपट लांबी अधिक लागते. पट्टी दीड इंची असेल तर बारा इंच वाढतात व गरज सहा फुटांची होते. हा जादा फूट फ्रेमवाल्याने लावला म्हणून त्याच्यावर संशय घेण्याचे कारण नाही.

साहित्यातील जीवदया

चौकटीच्या जुन्या पद्धतीतील साहित्य कशाचे असते, याची कल्पना पुष्कळांना नसते. सरस जनावरांची कातडी व हाडे उकळून करतात. लाखपॉलिशमधील लाख किड्यांपासून मिळते. पॉलिशचे मेण मधमाश्यांचे असते. चांगल्या कुंचल्यास डुकराचे किंवा खारीचे केस लावलेले असतात. वर्ख कुटण्याची पारंपरिक रीत तर आपल्या घरांत पूर्वीपासूनच चर्चेचा विषय आहे.

सुदैवाने या प्रत्येकास आज पर्याय आहे. सरसाऐवजी कृत्रिम रेझिनचा डिंक चालतो आणि तो दमट हवेत अधिक टिकतो. लाखपॉलिशऐवजी पाण्याचे ॲक्रिलिक वार्निश घ्यावे. मधमाश्यांच्या मेणाऐवजी कार्नोबा हे ब्राझीलमधील ताडवर्गीय झाडाच्या पानांवरचे मेण मिळते. साधी मेणबत्ती बहुधा खनिज तेलापासून केलेल्या पॅराफिनची असते. कुंचला नायलॉनच्या तंतूंचा घ्यावा. पाण्याच्या रंगास तोच अधिक सोयीचा पडतो. फ्रेमवाल्याकडे काम दिल्यास हे चार पर्याय आधीच सांगून ठेवावेत. गिऱ्हाइकाने सांगितल्याशिवाय तो आपली नेहमीची पद्धत बदलणार नाही.

कीड, ओल आणि पावसाळा

मलकापूरच्या बाजूस सह्याद्रीचा पाऊस जोराचा असतो. चार महिने हवा ओली राहते, लाकूड फुगते, सांधे हलतात आणि तसबिरीच्या मागे बुरशी येते. अशा दिवसांत रंगकाम काढले तर रंग वाळत नाही आणि पुढे उन्हाळ्यात लाकूड आक्रसले की नको तेथे भेगा पडतात. चातुर्मासात सूक्ष्म जीवांची उत्पत्ती अधिक, म्हणून आरंभाची कामे टाळण्याची आपल्याकडील रीत येथे सुतारकामाच्या शहाणपणाशीही जुळते. दिवाळीनंतर ते होळीपर्यंतचा काळ या कामास योग्य होय.

किडीचा प्रश्न त्याहून नाजूक आहे. चौकटीखाली पिठासारखी ताजी भुकटी पडू लागली म्हणजे आत भुंगेऱ्याच्या अळ्या आहेत असे समजावे. सामान्य सल्ला विषारी औषध टोचण्याचा असतो आणि जैन कुटुंबास तेथेच अडचण वाटते. यावर प्रामाणिक उत्तर हेच की कीड लागल्यावरचे उपाय थोडे आहेत आणि कीड न लागण्याचे पुष्कळ आहेत. हा भुंगेरा लाकडाच्या उघड्या रंध्रांत अंडी घालतो. सर्व बाजूंनी रंग किंवा वार्निश असलेल्या लाकडात त्यास जागा मिळत नाही. म्हणून चौकटीचे पुढचे अंग सजविताना मागचे अंग आणि काचेची खाच कोरी सोडू नये. हा एक थर फारच थोडक्या खर्चात होतो आणि पुढची हिंसा टाळतो. कीड लागलेलीच असेल तर छायाचित्र काढून नव्या चौकटीत घालावे आणि जुनी चौकट घराबाहेर वेगळी ठेवावी, म्हणजे इतर लाकडास उपद्रव होत नाही.

तसबीर टांगताना खालच्या दोन कोपऱ्यांमागे बुचाचे छोटे तुकडे चिकटवावेत. भिंत आणि चौकट यांच्यामध्ये हवा खेळती राहते. पावसाचा मारा बसणाऱ्या पश्चिमेकडील बाहेरच्या भिंतीवर जुनी छायाचित्रे लावू नयेत. दिव्याच्या किंवा उदबत्तीच्या नेमके वरही ती असू नयेत.

पूजनीय चित्रांविषयी एक गोष्ट सांगावीशी आहे. तीर्थंकरांचे किंवा आचार्यांचे चित्र भेगाळलेल्या, खंडित दिसणाऱ्या चौकटीत बसविणे ज्येष्ठांना रुचत नाही. या भावनेशी वाद घालण्याचे प्रयोजन नाही. घरात निसर्गदृश्ये, मुलांची छायाचित्रे, आरसे अशा पुष्कळ चौकटी असतात. हौस तेथे पुरवावी आणि देवघराजवळची चौकट साधी, स्वच्छ व अभंग ठेवावी.

घरातील हौस आणि दुकानातील व्यवहार

आतापर्यंतचा विचार घरापुरता झाला. हीच चौकट दुकानात विक्रीस ठेवली की प्रश्न बदलतो. मुंबईत मटण स्ट्रीटवरील चोर बाजार किंवा जोगेश्वरीजवळचा ओशिवऱ्याचा फर्निचर बाजार येथे खऱ्या जुन्या वस्तू आणि जुन्यासारख्या केलेल्या नव्या वस्तू अशा दोन्ही मिळतात. दोन्हींना गिऱ्हाईक आहे आणि दोन्हींचा धंदा रास्त आहे. मात्र पहिलीच्या भावात दुसरी देणे रास्त नाही.

खरी जुनी चौकट ओळखण्याच्या काही खुणा आहेत. लोखंडी चुकेचा गंज आजूबाजूच्या लाकडात मुरलेला असतो; वरून लावलेला तपकिरी रंग तसा मुरत नाही. अधिक चिन्हाच्या खाचेचे स्क्रू १९३० च्या दशकात प्रचारात आले आणि हार्डबोर्डचा शोध अमेरिकेत १९२४ मध्ये लागला. ‘सव्वाशे वर्षांची’ म्हणून दाखविलेल्या चौकटीत या दोहोंपैकी काही असेल तर ती नंतर दुरुस्त झालेली आहे किंवा तिचे वय फुगविलेले आहे. रविवर्म्याच्या छापील चित्रांच्या नव्या प्रती जुन्यासारख्या चौकटीत पुष्कळ फिरतात. त्यांची छपाई भिंगाखाली पाहिली तर नियमित ठिपक्यांची जाळी दिसते, जुन्या शिळाछापात तशी एकसारखी जाळी नसते.

कायद्याची बाजूही व्यापाऱ्याने ध्यानात घ्यावी. १९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी कायद्याप्रमाणे शंभर वर्षे किंवा त्याहून जुनी कलावस्तू पुरावस्तू ठरू शकते आणि पुरावस्तूंच्या विक्रीचा व्यवसाय परवान्याशिवाय करता येत नाही; खासगी व्यक्तीस त्या परदेशी पाठविता येत नाहीत. रविवर्मा यांची मूळ चित्रे १९७९ पासून राष्ट्रीय कलानिधी आहेत. म्हणजे चौकट खरोखर शंभर वर्षांची असेल तर परवान्याचा प्रश्न येतो, आणि नसताना तशी सांगितली तर फसवणुकीचा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने मालाचा दर्जा किंवा प्रकार खोटा सांगणे ही अनुचित व्यापारप्रथा ठरविली आहे. वस्तू व सेवा करात जुन्या मालाच्या व्यापाऱ्यास खरेदी-विक्रीतील फरकावर कर भरण्याची सवलत आहे. ती मात्र जुना माल जसाचा तसा, किंवा त्याचे स्वरूप न बदलणारी किरकोळ प्रक्रिया करून विकल्यासच, आणि खरेदीवरील कराची वजावट घेतलेली नसल्यासच मिळते. नवी पट्टी जुनी भासवून ही सवलत घेणे म्हणजे गिऱ्हाइकाबरोबर सरकारसही खोटा हिशेब देणे होय.

कायदे अलीकडचे आहेत. आपल्या परंपरेने हा विषय फार पूर्वीच हाताळला आहे. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्य व्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत ‘प्रतिरूपक व्यवहार’ हा एक आहे. अस्सलासारखी दिसणारी नक्कल अस्सल म्हणून देणे किंवा चांगल्या मालात हिणकस मिसळणे, असा त्याचा अर्थ. येथे लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की तो चोरीच्या व्रताखाली घातला आहे. खोटे बोलणे हा त्यातील दोष आहेच. पण गिऱ्हाइकाने खऱ्या जुनेपणासाठी दिलेला पैसा त्याच्या मोबदल्यावाचून ठेवून घेणे, ही चोरी ठरते.

यावर उपायही सोपा आहे. बिलावर ‘नवीन लाकूड, जुन्या धर्तीचा रंग’ असे स्पष्ट लिहावे. चौकटीच्या मागे, खाचेजवळ, केल्याचे साल लिहून ठेवावे. आज ज्याने ती घेतली त्याला सत्य ठाऊक असते. परंतु चौकटी पन्नास-शंभर वर्षे टिकतात, हात बदलतात आणि तोंडी सांगितलेले पुढे पोहोचत नाही. मागील बाजूस लिहिलेले साल नातवाच्या हातूनही नकळत फसवणूक होऊ देणार नाही. अशा प्रकारे सांगून विकलेल्या मालास भाव थोडा कमी मिळेल, पण गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येते. पेढीची पत अशा दुसऱ्या फेरीवरच उभी राहते.

घरातील चौकटीसही हाच नियम लावता येईल. तरुण मंडळींनी साधी चौकट हौसेने रंगवावी, मागे साल व आपले नाव लिहावे आणि आतल्या छायाचित्रातील माणसाचे नावही त्याच कागदावर लिहावे. पूर्वजांच्या खऱ्या झिजलेल्या चौकटी मात्र जशाच्या तशा, स्वच्छ व कोरड्या ठेवाव्यात. येत्या दिवाळीच्या आवरासावरीत माळ्यावरून तसबिरी खाली उतरतील, तेव्हा रंगाचा डबा उघडण्यापूर्वी आजी-आजोबांना शेजारी बसवून ती नावांची वही उघडावी, एवढी विनंती सर्व कुटुंबांस आहे.